विश्लेषण : निट, ल्युमेन, फूट-लॅम्बर्ट… उजेडाचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत?

मोबाइलच्या जाहिरातीत ‘३००० निट’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. प्रोजेक्टरच्या खोक्यावर ल्युमेनचा आकडा असतो. चित्रपटगृहातील तंत्रज्ञ फूट-लॅम्बर्टमध्ये बोलतात, तर काचबिंदूच्या रुग्णाची ‘फील्ड टेस्ट’ करणाऱ्या यंत्राची मोजणी अपोस्टिल्ब या एककावर बेतलेली असते आणि अहवालात मात्र डेसिबल छापून येतात. हे सगळे आकडे उजेडाचेच, पण ते एकमेकांशेजारी ठेवून थेट तुलना करता येत नाही. रूपांतर करताना एक छोटा भागाकार राहून गेला, तर उत्तर तिपटीने चुकते. त्याचा फटका कधी खिशाला बसतो, तर कधी वैद्यकीय अहवालाच्या वाचनाला. ही एकके काय मोजतात, ती एकमेकांत कशी बदलायची आणि आकडा वाचताना काय पाहायचे, याचा हा आढावा.

उजेड मोजायला इतकी एकके का?

कारण ‘उजेड’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. दिव्यातून सर्व दिशांना मिळून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, हे ल्युमेनमध्ये मोजतात. घरातल्या ९ वॉटच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर साधारण ८०० ते ९०० ल्युमेन असे लिहिलेले असते, ते हेच. ठरावीक दिशेने तो प्रकाश किती जोरात जातो, हे कॅन्डेला सांगते. टॉर्चमधून बाहेर पडणारे ल्युमेन बल्बपेक्षा कमी असतात, पण तो प्रकाश एकाच दिशेने एकवटल्याने त्या दिशेचे कॅन्डेला जास्त भरतात. टेबलावर, वहीवर किंवा पडद्यावर येऊन पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजला जातो. एक लक्स म्हणजे एक चौरस मीटरवर एक ल्युमेन.

चौथी गोष्ट म्हणजे एखादा पृष्ठभाग पाहणाऱ्याच्या डोळ्याला किती उजळ दिसतो ती. तांत्रिक भाषेत तिला ‘ल्युमिनन्स’ म्हणतात. तिचे एकक कॅन्डेला प्रति चौरस मीटर, म्हणजेच बोलीभाषेतले निट. टीव्ही, मोबाइल, सिनेमाचा पडदा, क्ष-किरण तपासणीचा मॉनिटर या सर्वांच्या बाबतीत शेवटी महत्त्वाचा असतो तो हाच आकडा. त्याचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. दिव्यापासून दूर गेले की वहीवर पडणारे लक्स झपाट्याने कमी होतात, पण उजळलेली भिंत चार फुटांवरून पाहा किंवा दहा फुटांवरून, तिचे निट तेवढेच राहतात.

निट हे अधिकृत एकक आहे का?

नाही. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत अधिकृत नाव ‘कॅन्डेला प्रति चौरस मीटर’ एवढेच आहे. ‘निट’ हे त्याचे सुटसुटीत टोपणनाव. लॅटिनमधील ‘चमकणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून ते आले आहे. १ निट म्हणजे १ कॅन्डेला प्रति चौरस मीटर, त्यात कोणताही गुणाकार-भागाकार नाही.

कॅन्डेला हे मीटर, किलोग्रॅम, सेकंद यांच्या पंगतीतील सात मूलभूत एककांपैकी एक आहे. नावाप्रमाणेच त्याचे मूळ मेणबत्तीत आहे. पूर्वी देशोदेशी वेगवेगळ्या प्रमाणित मेणबत्त्या आणि दिवे वापरले जात. १९४८ मध्ये त्यांच्या जागी सर्वांसाठी एकच व्याख्या स्वीकारली गेली. प्लॅटिनम ज्या तापमानाला गोठते, त्या तापमानाच्या आदर्श तप्त पृष्ठभागाचा उजळपणा ६० कॅन्डेला प्रति चौरस सेंटिमीटर मानायचा, अशी ती व्याख्या होती. निटमध्ये सांगायचे तर ६,००,०००. पुढे १९७९ मध्ये व्याख्या बदलली आणि कॅन्डेला एका ठरावीक कंप्रतेच्या हिरव्या प्रकाशाशी जोडला गेला. भारतात या एककाचे राष्ट्रीय प्रमाण सांभाळण्याचे काम नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे.

मग बाकीच्या एककांचे रूपांतर कसे करायचे?

निट हा पाया धरला, तर इतर एकके दोन गटांत पडतात. पहिल्या गटात केवळ क्षेत्रफळ बदलते.

• १ स्टिल्ब = १ कॅन्डेला प्रति चौरस सेंटिमीटर = १०,००० निट
• १ कॅन्डेला प्रति चौरस फूट = १०.७६ निट

एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर आणि १०.७६ चौरस फूट असतात, म्हणून हे आकडे. इथे गोंधळाला फारसा वाव नाही. दुसऱ्या गटात मात्र वर्तुळाच्या परिघात भेटणारा ‘पाय’ (३.१४१६) येतो.

• १ अपोस्टिल्ब = १ भागिले पाय = ०.३१८३ निट
• १ लॅम्बर्ट = १०,००० भागिले पाय = ३१८३ निट
• १ फूट-लॅम्बर्ट = १०.७६ भागिले पाय = ३.४२६ निट

उलट रूपांतर करायचे तर याच आकड्यांनी भागायचे. १०० निट म्हणजे १०० भागिले ३.४२६, अर्थात सुमारे २९ फूट-लॅम्बर्ट.

खरी गल्लत ‘कॅन्डेला प्रति चौरस फूट’ आणि ‘फूट-लॅम्बर्ट’ यांच्यात होते. दोन्हींत फूट आहे, दोन्ही एकाच राशीची एकके आहेत, पण एक दुसऱ्याच्या ३.१४ पट आहे. १४ फूट-लॅम्बर्ट म्हणजे ४८ निट, तर १४ कॅन्डेला प्रति चौरस फूट म्हणजे सुमारे १५१ निट.

हा ‘पाय’ मध्येच कुठून आला?

पांढरा कागद किंवा चुन्याची भिंत कोणत्याही कोनातून पाहिली तरी जवळपास सारखीच उजळ दिसते. त्यांच्यावर पडलेला प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परत न जाता समोरच्या सगळ्या दिशांना पसरतो. जर्मन भाषक शास्त्रज्ञ योहान हाइनरिश लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फोटोमेट्रिया’ या ग्रंथात अशा पृष्ठभागांचा नियम मांडला.

हा प्रकाश पसरतो तो अर्धगोलात. अर्धगोलाचा घनकोन दोन पाय इतका असतो. मात्र तिरक्या दिशेने पाहताना तोच पृष्ठभाग आक्रसलेला दिसतो. समोरून पूर्ण, कडेने जवळजवळ शून्य, आणि सगळ्या दिशांची सरासरी काढली तर निम्मा. त्यामुळे दोन पायचा एक पाय उरतो. म्हणून पडलेले सर्व लक्स परत फेकणाऱ्या आदर्श पांढऱ्या पृष्ठभागाचे निट काढायचे, तर लक्सला पायने भागावे लागते. पृष्ठभाग ८० टक्केच प्रकाश परत फेकत असेल, तर आधी ०.८ ने गुणायचे.

उदाहरणार्थ, अभ्यासाच्या टेबलावर ५०० लक्स प्रकाश पडत असेल आणि वहीचा कागद ८० टक्के प्रकाश परत फेकत असेल, तर ५०० गुणिले ०.८ भागिले ३.१४ म्हणजे सुमारे १२७ निट इतका तो कागद उजळ दिसेल.

जुन्या अभियंत्यांना दर वेळी हा भागाकार नको होता. त्यामुळे पायने भागण्याची क्रिया एककाच्या व्याख्येतच मुरवून टाकलेली एकके वापरात आली. आदर्श पांढऱ्या पडद्यावर एक फूट-कॅन्डल, म्हणजे प्रति चौरस फूट एक ल्युमेन, प्रकाश पडला की त्याचा उजळपणा बरोबर एक फूट-लॅम्बर्ट. तसेच एक लक्स पडला की एक अपोस्टिल्ब. हिशेब सोपा झाला, पण ही एकके निटमध्ये बदलायची वेळ आली की तो लपलेला पाय पुन्हा बाहेर काढावा लागतो.

चित्रपटगृहात अजून फूट-लॅम्बर्टच का?

चित्रपट प्रक्षेपणाचे मानक अमेरिकेत घडले आणि तिथे फूट हेच मोजमाप होते. डिजिटल प्रक्षेपणासाठी पडद्याच्या मध्यभागी पांढऱ्या रंगाचा उजळपणा १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट असावा, असा संकेत आहे. रिळांच्या जमान्यात हा आकडा १६ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे सुमारे ५५ निट होता. म्हणजे डिजिटलमध्ये पडदा मंद झाला का? तर नाही. १६ चा आकडा प्रोजेक्टरमध्ये फिल्म न लावता, नुसता उजेड पडद्यावर टाकून मोजला जाई. फिल्मची पारदर्शक पट्टीही थोडा प्रकाश अडवते, त्यामुळे प्रत्यक्ष चित्रातला पांढरा रंग १४ च्या आसपासच पोहोचत असे. एकक तेच असले तरी मोजण्याची अट बदलली की आकड्याचा अर्थ बदलतो, याचे हे ठळक उदाहरण.

आता पाय विसरल्याची किंमत पाहू. समजा पडदा १२ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे, म्हणजे ६० चौरस मीटर. त्यावर ४८ निट हवे असतील आणि पडदा साधा पांढरा असेल, तर लागणारे ल्युमेन म्हणजे ४८ गुणिले ३.१४ गुणिले ६०, अर्थात सुमारे ९००० ल्युमेन. पाय विसरून नुसते ४८ गुणिले ६० केले, तर उत्तर २८८० येते. तेवढ्या क्षमतेचा प्रोजेक्टर लावला, तर प्रेक्षकांना ४८ ऐवजी १५ निटचा चित्रपट पाहावा लागेल. रात्रीच्या प्रसंगांत चेहरे ओळखू येईनासे होतील आणि दोष छायालेखकाच्या माथी जाईल.

सोसायटीच्या हॉलमधला सामना फिकट का दिसतो?

हाच हिशेब घरगुती प्रोजेक्टरलाही लागू पडतो. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर ४ मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच पडद्यावर लावला असे समजू. क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. पडद्यावर पडतील ३३३ लक्स. त्यांना पायने भागले की १०६ निट. म्हणजे ३००० हा आकडा पाहून ‘टीव्हीपेक्षा कितीतरी उजळ’ असे वाटत असले, तरी प्रत्यक्षात पडदा साध्या टीव्हीपेक्षाही मंद असू शकतो. पडद्याची लांबी-रुंदी दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होते आणि निट चौथ्या हिश्श्यावर येतात.

त्यात हॉलचे दिवे चालू असले तर? दिव्यांचा १५० लक्स उजेड त्याच पडद्यावर पडत असेल, तर त्याचे १५० भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ४८ निट होतात. हा उजेड चित्राच्या काळ्या भागावरही तितकाच पडतो. म्हणजे या हॉलमधला ‘काळा’ रंग चित्रपटगृहातल्या पांढऱ्या रंगाइतका उजळ झाला. पांढरा १५४ निट आणि काळा ४८ निट, फरक जेमतेम तिप्पट. चित्र धुतल्यासारखे दिसते ते यामुळे. अशा वेळी महागडा प्रोजेक्टर आणण्याआधी पडद्याजवळचे दोन दिवे बंद करणे जास्त उपयोगी ठरते.

प्रोजेक्टर घेताना ल्युमेनचा आकडा कोणत्या पद्धतीने मोजला आहे, हेही पाहायला हवे. ‘ॲन्सी’ किंवा ‘आयएसओ’ ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या भिंगातून प्रत्यक्ष बाहेर पडणारा, ठरलेल्या पद्धतीने मोजलेला प्रकाश. काही स्वस्त प्रोजेक्टरवर आतल्या दिव्याचे ल्युमेन छापलेले असतात. त्यातला बराचसा प्रकाश पडद्यापर्यंत पोहोचतच नाही.

मोबाइलच्या ‘३००० निट’चा अर्थ काय?

इथे एककाचा गोंधळ नाही, अटीचा आहे. जाहिरातीत बहुधा ‘पीक ब्राइटनेस’ म्हणजे कमाल आकडा असतो. तो पडद्याचा छोटासा भाग पांढरा ठेवून आणि थोड्या वेळापुरता गाठलेला असू शकतो. पूर्ण पडदा पांढरा असताना, उदाहरणार्थ एखादे वेबपान वाचताना, मिळणारा उजळपणा त्याहून बराच कमी असतो. फोन तापू नये आणि बॅटरी टिकावी यासाठी तो मुद्दाम कमी ठेवला जातो. एचडीआर व्हिडिओच्या प्रचलित मानकात १०,००० निटपर्यंतचे आकडे नोंदवण्याची सोय आहे. पण ती व्हिडिओच्या नोंदीची मर्यादा आहे, हातातल्या पडद्याची क्षमता नव्हे.

भर दुपारी फोन दिसेनासा का होतो, याचे उत्तरही याच भागाकारात आहे. थेट उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. ८० टक्के प्रकाश परत फेकणारा पांढरा कागद त्या उन्हात साधारण २५,००० निट इतका उजळ होतो. अशा परिसराला सरावलेल्या डोळ्यापुढे ५०० निटचा पडदा काळपट वाटणारच.

आणखी एक मुद्दा. निट दुप्पट झाले म्हणजे डोळ्याला उजळपणा दुप्पट जाणवत नाही. १००० आणि १२०० निटमधला फरक आकड्यांवरून वाटतो तेवढा डोळ्याला जाणवत नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजताना हे ध्यानात ठेवावे.

काचबिंदूच्या तपासणीशी याचा काय संबंध?

रूपांतराचा मुद्दा सर्वांत गंभीर होतो तो इथे. काचबिंदूत नजरेच्या कडेचा भाग हळूहळू, रुग्णाच्या नकळत जात असतो. ते तपासण्यासाठी दृष्टिक्षेत्र चाचणी, म्हणजे पेरिमेट्री करतात. रुग्ण एका वाडग्यासारख्या पांढऱ्या पृष्ठभागाकडे एकटक पाहतो, वेगवेगळ्या जागी प्रकाशाचे ठिपके उमटतात आणि ठिपका दिसला की तो बटण दाबतो. प्रत्येक जागी किती मंद ठिपका दिसू शकतो, यावरून नजरेचा नकाशा तयार होतो.

हान्स गोल्डमन यांनी १९४५ मध्ये पुढे आणलेल्या यंत्रात पार्श्वभूमीचा उजळपणा ३१.५ अपोस्टिल्ब होता. निटमध्ये तो सुमारे १० भरतो. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या हम्फ्री यंत्रातही पार्श्वभूमी तेवढीच आहे आणि सर्वांत तेजस्वी ठिपका १०,००० अपोस्टिल्बचा, म्हणजे ३१८३ निटचा असतो. अहवालातील ‘शून्य डेसिबल’ म्हणजे हा सर्वांत तेजस्वी ठिपका. ठिपका दहापट मंद केला की १० डेसिबल, शंभरपट मंद केला की २०, हजारपट मंद केला की ३०. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी त्या जागची नजर चांगली.

ऑक्टोपस मालिकेतील अनेक यंत्रांत मात्र शून्य डेसिबल ४००० अपोस्टिल्बवर बेतलेले असते. आता समजा, एखाद्या जागी रुग्णाला १० अपोस्टिल्बचा ठिपका कसाबसा दिसतो. हम्फ्रीच्या हिशेबाने तो १०,००० च्या हजारपट मंद, म्हणजे ३० डेसिबल. दुसऱ्या यंत्राच्या हिशेबाने तो ४००० च्या ४०० पट मंद, म्हणजे २६ डेसिबल. डोळा तोच, ठिपका तोच, तरी कागदावर चार डेसिबलची ‘घसरण’ दिसते. ठिपका किती वेळ दाखवला जातो, यातही यंत्रायंत्रांत फरक असतो, त्यामुळे नुसते चार मिळवून हिशेब पूर्ण जुळेलच असे नाही.

सरासरीच्या आकड्यातही असाच सापळा आहे. ‘एमडी’ या अक्षरांनी दिला जाणारा आकडा हम्फ्रीच्या अहवालात नजर खालावली की वजा चिन्हाकडे जातो, तर ऑक्टोपसच्या अहवालात बिघाड अधिक चिन्हाने दाखवतात. शहर बदलले, डॉक्टर बदलले आणि यंत्रही बदलले, तर दोन अहवाल शेजारी ठेवून घरच्यांनी काढलेला निष्कर्ष पूर्ण उलटा असू शकतो. विनाकारण घबराट होणे किंवा खरी घसरण नजरेआड होणे, दोन्ही शक्य आहे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नसल्याने हा गैरसमज महागात पडू शकतो.

म्हणून ही चाचणी शक्यतो त्याच प्रकारच्या यंत्रावर आणि त्याच पद्धतीने करून घेणे, जुने सर्व अहवाल जपून ठेवणे आणि यंत्र बदलले असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगणे हिताचे. आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याचे काम नेत्रतज्ज्ञांवर सोडावे.

आकडा दिसला की काय विचारावे?

पहिला प्रश्न, हा आकडा कशाचा? दिव्यातून निघालेल्या प्रकाशाचा (ल्युमेन), पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशाचा (लक्स), की दिसणाऱ्या उजळपणाचा (निट)? लक्सवरून निट काढायचे तर पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो हे कळायला हवे, आणि पायने भागायला हवे. मोबाइलवरील लक्समीटरचे ॲप टीव्हीसमोर धरून टीव्हीचे निट कळत नाहीत, ते याचमुळे.

दुसरा प्रश्न, एककात पाय दडलेला आहे का? अपोस्टिल्ब आणि नावात ‘लॅम्बर्ट’ असलेल्या एककांत तो आहे. स्टिल्ब आणि कॅन्डेला प्रति चौरस फूट यांत नाही.

तिसरा, मोजले कोणत्या अटीत? पूर्ण पडद्यावर की कोपऱ्यातल्या चौकोनावर, अंधारात की दिव्यांच्या उजेडात, क्षणभर की सलग? डेसिबल असतील तर शून्य कुठे धरला आहे? एककांचे रूपांतर गणकयंत्रावर काही सेकंदांत होते. मात्र या तीन प्रश्नांची उत्तरे हाती नसतील, तर बिनचूक रूपांतर केलेला आकडाही चुकीच्या निर्णयाकडे नेऊ शकतो.